घराशी बांधलेला मांडव

आमच्या पाड्यावर जे आलं त्याला समोरच्या टॉवरमधली मुलं 'टॉर्नेडो' म्हणाली. वरच्या कुठल्यातरी मजल्याच्या गॅलरीतून कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तो मीरा रोड, भाईंदर, दहिसर असा सगळीकडे फिरून आला. मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी तो मलाच पाठवला. खाली विचारलं होतं, 'हे तुमच्याकडचं का हो?' मी उत्तर दिलं नाही. व्हिडिओत एक निळा-पिवळा कापडाचा गोळा गरगरत वर जातो आणि काढणारा ओरडतो, 'अबे देख, पूरा पंडाल उड़ गया!' तो पंडाल म्हणजे माझ्या भाचीच्या हळदीचा मांडव. त्याच्या मागोमाग जे काळपट काहीतरी उचललं जातं ते माझ्या माहेरच्या घराचं छप्पर. माझी वहिनी त्या छपराखाली होती. ती व्हिडिओत दिसत नाही.

आम्ही त्याला भवरा म्हणतो. मिठागराच्या मोकळ्या जागेत उन्हाळ्यात छोटे भवरे उठतातच. धूळ, प्लास्टिकच्या पिशव्या, वाळका पाला घेऊन गिरक्या खातात आणि बांधापर्यंत येऊन मरतात. लहानपणी आम्ही त्यात शिरायला धावायचो आणि डोळ्यांत खारी माती घेऊन रडत परत यायचो. भवऱ्याला घाबरायचं असतं हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

पण मी हे लिहायला बसले ते भवऱ्यासाठी नाही, माझ्या काकांसाठी. त्या दिवसानंतर काकांना जगात एकच काम उरलं होतं. वहिनीसमोर बसून तिला एक गोष्ट सांगायची. आणि आम्ही सगळे, म्हणजे सख्खे, चुलत, शेजारी, झाडून सगळे, त्यांना ती सांगू देत नव्हतो.

आमचा पाडा नवघरच्या मागच्या अंगाला, मिठागराला लागून आहे. तीन बाजूंना इमारती आणि चौथ्या बाजूला खाडी. इमारतीतल्या लोकांना आम्ही म्हणजे गावातून आलेले वाटतो. खरं तर ते आले, आम्ही इथंच होतो. त्यांच्या पार्किंगच्या जागी आमची भातशेती होती. पण हे कुणाला सांगायचं, आणि सांगून ऐकतो कोण! आता शेती नाही, मीठ पिकवणंही आमच्यापुरतं संपलं. कुणी रिक्षा चालवतं, कुणी महापालिकेत आहे, माझ्या दादाचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे. मी लग्न करून पलीकडच्याच सोसायटीत राहायला गेले. माहेर चालत जाण्याइतकं जवळ असलं की सुखही मिळतं आणि कटकटही. मला दोन्ही भरपूर मिळालं.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, आई-वडील गेल्यापासून घरातले सगळ्यात मोठे. तरुणपणी मिठागरावर काम केलं, मग एक लहानशी होडी घेऊन खाडीत चिंबोऱ्या पकडायचे. काकी लवकर गेली, मूलबाळ नाही. दादाच्या घराला लागूनच त्यांची खोली, मधली भिंत एक. जेवण मात्र वहिनीच्या हातचं. वहिनी रायगडकडची, पेणजवळच्या खेड्यातली. ती या घरात आली तेव्हापासून दोन्ही वेळचं ताट झाकून त्यांच्या खोलीत जायचं, आणि ताट परत न्यायला ती स्वतः जायची, म्हणजे म्हाताऱ्याने टाकलं किती ते कळतं. काका आमच्यात सगळ्यात हट्टी माणूस. त्यांना 'नाही' म्हणायची हिंमत फक्त वहिनीत होती. बाकी आम्ही त्यांच्यापुढे मान डोलवायचो आणि पाठीमागे हसायचो.

आणि वहिनी! वहिनी चालायची नाही, पळायची. इमारतीतल्या मराठी घरांना ती तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायची. पहाटेपासून चुलीपुढे उभी, मग डबे घेऊन चार जिने चढ-उतार, मग बाजार. हळदीला नाचायला लागली की बाकीच्या बायका कडेला होऊन बघत राहायच्या. मुलीच्या लग्नात मी असं नाचणार आहे की नवऱ्याकडचे म्हणतील नवरी कोणती, असं ती महिनाभर सांगत होती. मी म्हटलं, वहिनी, वयाचं भान ठेव. ती म्हणाली, 'वयाला पाय न्हाय, मला हायत.'

आमच्याकडे मांडवाची एक रीत आहे. मांडव घराशी बांधायचा. नुसता घरासमोर उभा करायचा नाही, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने आपल्या हाताने त्याच्या दोऱ्या छपराच्या वाशांना बांधायच्या. काका सांगायचे, पोरगी जाणार ती जाणारच, पण हळदीच्या दिवशी तरी घराने तिला धरून ठेवलेलं दिसलं पाहिजे. पूर्वी मांडव म्हणजे बांबू, वर माडाच्या झावळ्या आणि बांधायला काथ्या. बांबू घरोघरचे, झावळ्या ज्याच्याकडे माड त्याच्या. वारा आला तर झावळ्यांतून निघून जायचा. फारच जोराचा आला तर काथ्या तुटायचा, मांडव आडवा व्हायचा, लोक हसायचे आणि पुन्हा बांधायचे. माझ्या स्वतःच्या हळदीला तो असा एकदा पडला होता. त्यात एका मामांची टोपी हरवली, एवढंच नुकसान.

भाचीच्या वेळेला दादाने मंडपवाला लावला. लोखंडी पाइप, तळाशी वाळू भरलेले डबे, वर अख्खी एक ताडपत्री आणि तिला खालून निळं-पिवळं चमकतं कापड. सकाळी काका त्याच्याभोवती दोनदा फिरले. मी ओट्यावर बसून फुलांच्या माळा सोडवत होते.

'ह्यो काय मांडव हाय?' ते म्हणाले. 'डब्यावर उभा हाय ह्यो. घराशी त्याचा काय संबंध?'

मंडपवाल्याचा माणूस म्हणाला, 'चाचा, आजकल ऐसाइच होता है.'

'आजकल तुझ्या घरी,' काका म्हणाले आणि होडीकडे गेले. परत आले ते हिरव्या नायलॉनच्या दोरीचं वेटोळं घेऊन. आमच्या घरावर आता कौलं आणि वासे नाहीत. दादाने दुकानातला चांगला माल वापरून लोखंडी पाइपांचं छप्पर केलं होतं, वर पत्रे, आणि पाइपांची टोकं पुढच्या भिंतीत पक्की बसवलेली. काकांनी शिडी लावली आणि मांडवाचे घराकडचे पाइप त्या छपराच्या पाइपांना बांधले. एक दोरी शास्त्रापुरती पुरली असती. पण काकांना शास्त्रापुरतं काही करताच येत नव्हतं. प्रत्येक खांबाला बांधलं, वर होडीची गाठ मारली, आणि पाय देऊन ओढून बघितलं.

'नायलॉन हाय,' मला म्हणाले, 'हत्तीला न्हाय तुटनार.'

मी म्हटलं, 'काका, हत्ती येणार नाहीत, नवऱ्याकडची माणसं येणार आहेत.'

'एकच ता,' ते म्हणाले. आम्ही सगळे खदखदून हसलो. दादाही हसला. शेजारचे दोघे तर शिडी धरून उभे होते. वहिनी सकाळपासून आत होती, पाहुण्यांच्या जेवणात आणि घाणा भरण्याच्या तयारीत. ती बाहेर आली तोवर मंडपवाल्याने झालर लावून सगळ्या दोऱ्या झाकून टाकल्या होत्या. मांडव घराशी बांधलेला आहे एवढं तिला माहीत होतं. कसा आणि कशाने, ते तिने पाहिलं नाही.

दुपारी उकाडा असा की श्वास घ्यायला नको वाटत होतं. हळद सुरू झाली होती. लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी, आम्ही तिला धवलारीण म्हणतो, पाटावर बसून गात होती. भाची पिवळीधमक झालेली. तेवढ्यात मिठागराकडून आवाज आला. मला आधी वाटलं एखादा डंपर रिकामा करतायत. मग सगळी कुत्री एकदम गप्प झाली. मी वळून पाहिलं तर बांधावर मातीचा एक खांब उभा होता. तो हलत नाहीये असं क्षणभर वाटलं, कारण तो सरळ आमच्याकडेच येत होता.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. धवलारीण पाटावरून उठेना, तिला दोघींनी उचलली. कुणीतरी 'आत चला, आत चला' ओरडलं. ती वहिनी होती. ती दारात उभी राहून एकेकीला आत ढकलत होती, नवरीला तर मानेला धरून ढकललं. मी आत पडले. कान दुखायला लागले. ताडपत्री फुगली, मांडवाचे खांब जमिनीवरून उठले, वाळूचे डबे खुळखुळ्यासारखे लोंबले. मांडव एकटा गेला असता तर गेला असता. पण तो जाताना थांबला. दोऱ्या ताणल्या गेल्या आणि आमच्या डोक्यावरचं छप्पर कण्हलं. लोखंड तसं कण्हतं हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग वर एकदम उजेड झाला. पाइपांबरोबर पुढची भिंत बाहेरच्या बाजूला ओढली गेली आणि ओट्यावर कोसळली. दारात फक्त वहिनी होती.

भवरा निघून गेला. पाऊस आला नाही, काही नाही, लगेच ऊन पडलं. त्या उन्हाचा मला अजून राग आहे.

पाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराचं काही ना काही गेलं होतं. देवळापुढची शेड गेली, जांभळाचं झाड मुळासकट आडवं झालं, कुणाचा टेम्पो कलंडला, कुणाच्या वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्या थेट रस्त्याच्या पलीकडे सापडल्या. आमच्या जेवणाचं एक पातेलं मिठागराच्या डबक्यात उपडं तरंगत होतं. पण पत्रे सगळ्यांचे थोडे थोडे गेले होते, कडेचे, कोपऱ्यातले. अख्खं छप्पर भिंतीसकट गेलं ते फक्त आमचं. आमचं घर पाड्यातलं सगळ्यात पक्कं होतं. तरी हे कसं, असा प्रश्न ज्याला डोळे आहेत त्याला पडायला हवा होता, आणि पडलाही.

वहिनीला बोरिवलीच्या एका हॉस्पिटलात नेलं. डावा पाय वाचवायचा त्यांनी प्रयत्न केला. मग गुडघ्याखालून काढला.

छप्पर बांधापलीकडे तिवरांच्या झाडीत सापडलं. दादा, काका आणि पाड्यातली माणसं ते आणायला गेली तेव्हा मीही गेले होते, कारण घरी बसवत नव्हतं. मांडवाचे पाइप आणि छपराचे पाइप एकमेकांत गुंतून पडले होते. वाकले होते, पिळले होते, पण हिरवी दोरी जशीच्या तशी होती. एकही गाठ सुटली नव्हती. काका तिच्याजवळ गेले, गाठीवर हात ठेवला आणि उभेच राहिले. शिडी धरणारे ते दोघे खाली चिखलात बघत होते. दादाने कोयता घेतला, सगळ्या दोऱ्या तोडल्या, गोळा केल्या आणि खाडीत टाकून दिल्या.

'काथ्या असता तर तुटला असता,' काका म्हणाले.

'काका, गप ऱ्हावा,' दादा म्हणाला.

शेजारचा एकजण म्हणाला, 'कावला बसाला आन् फांदी तुटाला. तुमची दोरी नसती तरी गेलाच असता.' सगळ्यांनी माना हलवल्या. परत येताना पत्र्यांच्या खडखडाटाशिवाय काही आवाज नव्हता. त्या वाटेवरच, एक शब्द न बोलता, ठरून गेलं की वहिनीला हे कळता कामा नये. पंचनाम्याला माणसं आली तेव्हाही दादाने 'वारा' एवढंच सांगितलं. आणि ते खोटं होतं असं तरी कसं म्हणायचं? वारा तर आलाच होता.

लग्न थोड्या दिवसांनी एका हॉलमध्ये उरकलं. नवऱ्याकडची माणसं भली निघाली, अपशकुनाचा शब्द काढला नाही. म्हणजे आमच्या देखत तरी नाही. हॉलमध्ये मांडवाचं कामच नव्हतं. वहिनी हॉस्पिटलातून मोबाइलवर बघत होती. भाची स्टेजवर तिला हात करत होती आणि रडत होती, आणि फोटोवाला 'स्माइल प्लीज' म्हणत होता. मी त्याला अशी शिवी दिली की माझा नवरा बावरून इकडेतिकडे बघायला लागला. काका लग्नाला आलेच नाहीत. छप्पर नसलेल्या घराची राखण करायला पाहिजे, असं म्हणाले. चोरायला तिथं होतं काय?

पावसाळ्याआधी पत्रे पुन्हा चढले, भिंत उभी राहिली आणि वहिनी घरी आली. मला वाटलं होतं ती खचलेली असेल. पण वहिनी ती वहिनी. दारात खुर्ची टाकून बसायची, मांडीवर परात घेऊन भाकऱ्या थापायची, शेकायला एक बाई ठेवली. आणि रोज सकाळी मिठागराकडे तोंड करून वाऱ्याला शिव्या घालायची. मोठ्याने, मनापासून, रायगडच्या अस्सल शिव्या. 'मेल्या, तुला येवढ्या पाड्यान् माझाच पाय गावला? चपल कशाला ठेवून गेलास मग? ती पन न्यायची!' येणारे-जाणारे आधी दचकायचे, मग हसायचे. तिची ती एक सवयच झाली. चहा, शिव्या, मग काम. डॉक्टरांनी सांगितलं की अशा माणसांना मनाचा फार त्रास होतो, झोप लागत नाही. वहिनीला लागायची. तिचं भांडण ज्याच्याशी होतं तो आभाळात कुठंतरी हिंडत होता, आणि ती रोज सकाळी त्याच्याशी भांडून मोकळी व्हायची.

झुरत होते ते काका. होडी त्यांनी बांधाला लावली ती लावलीच. ताट अर्धं परत येऊ लागलं. आता वहिनी ताट न्यायला जाऊ शकत नव्हती, पण भाकऱ्या शेकणारी बाई घेऊन आली की झाकण उघडून बघायचीच. 'म्हाताऱ्याला काय झालाय? माझा पाय गेला आन् भूक यांची गेली,' असं म्हणायची आणि मग मुद्दाम कोलंबी करायची, ताकातली कढी करायची, त्यांना आवडतं म्हणून. ती जितकं करायची तितके काका वाळत होते. ते तिच्यासमोरून जाईनात. मागच्या दाराने जायचे-यायचे. 'काका मला घाबरतान,' ती मला म्हणाली, 'आखूड पाय बघून घाबरतान बिचारे.' तिला त्यांची कीव येत होती. मला दोघांचीही येत होती, आणि मधे उभं राहून काहीच करता येत नव्हतं म्हणून चीडही येत होती.

एका दुपारी काका माझ्या घरी आले. लिफ्टला घाबरतात म्हणून जिना चढून, धापा टाकत. पाणी दिलं ते घेतलं नाही.

'बाय, मला सूनबायला सांगायचा हाय,' ते म्हणाले.

मला माहीत होतं काय. तरी म्हटलं, 'काय सांगायचंय?'

'दोरी मी बांधली ता.'

'सांगून पाय उगवणार आहे का?'

'न्हाय उगवनार.'

'मग?'

त्यांनी न घेतलेला पाण्याचा पेला आणखी लांब सारला. मग म्हणाले, 'ती मला वाढते. बसल्या जागेवरना दोन येलचा पाठवते. मी खोट्याचा जेवतंय, बाय.'

मी दादाला फोन करून सांगितलं. तो रात्री काकांकडे जाऊन ओरडून आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, आता ती उघडून काय मिळवायचंय, घरात दोन माणसं नीट बसलेली तुम्हाला बघवत नाहीत का, असं बरंच काही. ओरडायला नको होतं. दादाचा आवाज नेहमी त्याच्या मनातल्यापेक्षा मोठा निघतो. दुसऱ्या दिवशी मीही काकांना समजावलं. शेजारच्या दोघांनी समजावलं. ते दोघे तर काकुळतीला आले होते, कारण शिडी त्यांनी धरली होती. सगळ्यांचं एकच म्हणणं, भवरा कुणाच्या हातात होता का? काका ऐकून घ्यायचे. त्यांना पटत नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं, पण ते वाद घालत नव्हते. वाद न घालणारे काका मला बघवत नव्हते.

खरं सांगायचं तर आतून मलाही त्यांचंच पटायला लागलं होतं. मी शाळेत मुलांना काय शिकवते? खरं बोला, मन हलकं होतं. वहिनीसारखी बाई चिडेल, रडेल, चार शिव्या हासडेल आणि संपेल, असा माझा हिशोब होता. वाऱ्याला देते त्यातल्याच शिव्या काकांना देईल, काका त्या डोक्यावर घेतील, आणि दुसऱ्या दिवशी ताट नीट संपून येईल.

गणपती जाऊन थोडे दिवस झाले होते. मी माहेरी गेले होते. वहिनी दारातल्या खुर्चीवर बसून सुपात जवळा निवडत होती, मी खाली बसून तिला हातभार लावत होते. नकली पाय भिंतीशी उभा होता, तो लावला की खुपतो म्हणून दुपारी ती काढून ठेवायची. काका पुढच्या दाराने आले. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच. वहिनीचा चेहरा फुलला.

'या, काका. वाट चुकलाव काय?'

काका तिच्यासमोर जमिनीवर बसले. मी त्यांच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं, मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता, एकही शब्द जास्तीचा न घालता. मांडवाच्या दोऱ्या मी बांधल्या. सगळ्या खांबांना बांधल्या. नायलॉनच्या. मांडवाने छप्पर नेलं, छपराने भिंत नेली. भवऱ्याने एकट्याने नेलं नसतं. बाकीच्यांचं गेलं नाही.

वहिनीचे हात सुपात चालूच होते. मला वाटलं तिला कळलंच नाही. मग तिने विचारलं, 'होडीची दोरी?'

'हां.'

'गाठी तुमी मारल्या?'

'मीच.'

'सगल्यांना म्हायती हाय?'

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

तिचे हात थांबले. सूप तिने माझ्याकडे सरकवलं. बाहेर मिठागरावर ऊन होतं, कुणाचा तरी टेम्पो मागे घेताना वाजत होता. मी वाट पाहत होते की आता ती ओरडेल. ती ओरडली असती तर मी तिचे पाय, म्हणजे तिचा जो आहे तो पाय, धरला असता. पण ती ओरडली नाही. तिचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा हॉस्पिटलातही झाला नव्हता.

'काका,' ती म्हणाली, 'वारा हुता तवा बरा हुता. वाऱ्याला सकालपारी दोन शिव्या दिल्या की माझा दिस निघून जायचा. वारा काय माझ्या घरान् ऱ्हात न्हाय. तुमी भिंतीच्या पल्याड ऱ्हाताव. तुमचा खोकला मला आयकू येतंय. आता मी शिव्या कोनाला देव?'

'मला दे,' काका म्हणाले. त्यांनी हात जोडले होते. 'मला दे, सूनबाय. रोज दे.'

'तुमाला कशा देव?' वहिनी म्हणाली. 'तुमाला तं जेवाला वाढायचा हाय.'

आणि कुबडी ओढून घेत ती भात लावायला उठली.